सोलकरांच्या घरातला एक माणूस

फुजैल सोलकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या आईच्या मागे, रांगेत. साल अठ्ठ्याण्णव. रत्नागिरीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझा एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. बूथ म्हणजे काय, एक काचेची खोपटी, आत फोन, फोनच्या वर लाल आकडे पळवणारं मीटर, आणि बाहेर टेबलाशी मी, विमला शिवलकर, जिच्या तोंडी लागू नये हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी राजिवड्याच्या नि मिरकरवाड्याच्या बायका यायच्या. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा मस्कतला, कुणाचा बोटीवर.

फुजैलची आई सकिनाभाभी रांगेत ओठ हलवत उभी असायची. मला वाटायचं, काहीतरी पढत असेल. पढणं कुठलं, नवऱ्याला काय सांगायचं त्याची उजळणी चाललेली असायची. आत शिरली की डोळे त्या लाल आकड्यांना चिकटलेले. "छपराला पत्रे घातले, अद्नानचा ताप उतरला, तुमी बरे हाव ना, ठेवतंय." की ठेवला. बाहेर येऊन चप्पल पायात सरकवते न सरकवते तोच कपाळाला हात. "अगो, फुजैलच्या बारावीचा सांगायचा ऱ्हवला!" मग पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि हे एकट्या सकिनाभाभीचं नव्हे, सगळ्यांचंच. गल्फवाल्यांच्या घरात फोन म्हणजे लावायचा, विचारायचं, ठेवायचा. रेंगाळायचं नाही. पोरं हे पाळण्यातच शिकायची.

फुजैलचे वडील हमीदभाई कुवेतला, बोटींचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या गोदामावर होते. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे. फुजैल लहानपणी त्यांना 'पाव्हणे' म्हणायचा. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना त्याने आईला मोठ्याने विचारलं, "हे पाव्हणे जाणार कवा?" ही गोष्ट त्यांच्या घरात हसून सांगतात. फुजैल सांगायचा तेव्हा हसायचा नाही.

पुढे मोबाइल आले आणि माझ्या बूथला कुलूप लागलं. नशिबाने विनीत शिंत्रे नावाचा एक मनुष्य मुंबईची नोकरी सोडून गावी परतला होता. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात पूर्वी काजूचे डबे बनायचे, तो गाळा घेऊन त्याने कॉम्प्युटरची कंपनी काढली. रत्नागिरीत बसून मुंबईच्या लोकांची सॉफ्टवेअरं करायची, हा त्याचा हट्ट. मला त्याने ऑफिस सांभाळायला घेतलं. जनरेटर, चहा, हजेरी, टेलिफोन आणि आरडाओरडा ही माझी खाती. पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावरून एक दाढीवाला तरुण उठून आला नि म्हणाला, "विमलामावशी, वळखलात काय?" सकिनाभाभीचा फुजैल. इंजिनियर झालेला. नंतर त्याचं लग्नही झालं, उमैमा नावाची शांत मुलगी घरात आली, आणि वर्षा-दीड वर्षाने लायबा झाली. मुलीचे पेढे वाटताना माझ्या टेबलाशी थांबून तो म्हणाला होता, "मावशी, माजी पोर मना पाव्हणा म्हणणार नाय. मी खंय जाणार नाय."

मी सांगतेय ते त्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार सातच्या मे महिन्यात घडलं. त्या महिन्यात फुजैल कात्रीत सापडला.

हमीदभाईंचे गुडघे गेले होते. त्यांना कायमचं घरी यायचं होतं, पण शेठ सोडेना. शेठचं म्हणणं, गोदामाच्या किल्ल्या मी परक्याच्या हातात देणार नाही; तू खुशाल जा, पण तुझ्या जागी सोलकरांच्या घरातला माणूस आणून बसव. व्हिसाची सगळी तयारी शेठने करून ठेवली होती, नाव तेवढं कळवायचं होतं. नाव फुजैलचं, हे हमीदभाई न विचारताच धरून चालले होते. थोरला मुलगा, शिकलेला, दुसरं कोण जाणार? फुजैलने मुदत मागितली. बापाने शुक्रवारपर्यंतची दिली.

इकडे विनीतची तऱ्हा वेगळी. कंपनी कशीबशी तग धरून होती. मुंबईच्या एका खाजगी बस कंपनीचं मोठं काम दाराशी आलं होतं. विनीत सरळ म्हणाला, "हे मिळालं तर फुजैल, तू इथला प्रमुख. नाही मिळालं तर गाळ्याला टाळं लावून मी परत मुंबईला." काम मिळणार की नाही ते एका चाचणीवर ठरणार होतं. चाचणी पास झाली तर फुजैल बापाला सांगू शकत होता, मला इथे पक्कं काम आहे, शेठला दुसरा माणूस बघू दे. नापास झाली तर नाही म्हणायला त्याला तोंड उरणार नव्हतं. मग कुवेत, आणि दोन वर्षांतून एकदा घर.

आता ते काम काय होतं ते सांगते, मला फुजैलने समजावलं तसं. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांचं बुकिंग ही बस कंपनी इंटरनेटवर घेणार होती. बुकिंग उघडलं की पहिल्या घटकेलाच अख्खी मुंबई तुटून पडते. जो तो विचारणार, सीट आहे का, सीट आहे का. दर वेळी सगळ्या नोंदींचं मुख्य कपाट उघडून बघायचं म्हटलं तर कपाटच मोडायचं. म्हणून सारखी लागणारी माहिती सात-आठ कॉम्प्युटरांच्या आठवणीत वाटून, हाताशी ठेवायची. दुकानदार रोज खपणारी बिस्किटं गोदामात न ठेवता बरणीत ठेवतो तशी. ह्याला ते लोक कॅश म्हणत. पैशांशी काही संबंध नाही. हे कळेपर्यंत मी दोनदा विचारलं होतं की मग तिजोरी कुठाय. नंतर आम्ही सगळेच त्या कॉम्प्युटरांना बरण्या म्हणायला लागलो.

बरण्या गर्दीला टिकतात का हे बघायचं होतं. खरी गर्दी कुठून आणणार? म्हणून समोरच्या भिंतीला चार कॉम्प्युटर मांडले. ते हजारो प्रवाशांची सोंगं घेऊन एकसारखे प्रश्न विचारणार. त्यांचं नाव पडलं चाकरमानी. एका भिंतीला बरण्या, दुसऱ्या भिंतीला चाकरमानी, मध्ये वायरींचं जंजाळ, आणि त्या जंजाळात बसलेला महिपत. हा सावर्ड्याचा. वायरिंग आणि नेटवर्क त्याच्याकडे होतं.

चाचणी सुरू केली की थोडा वेळ झकास. पडद्यावर हिरवी रेघ चढत जायची. मग एकाएकी चाकरमानी बोंबलायला लागायचे: जोडणी होत नाही, जोडणी होत नाही. लाल ओळींवर लाल ओळी. हिरवी रेघ धाडकन खाली. की चाचणी बंद करायची आणि सगळ्यांनी चहाला जायचं. चहा पिऊन येऊन पुन्हा सुरू केली की पुन्हा झकास, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच बोंब.

विनीत म्हणाला, बरण्या कमी पडतायत. आणखी दोन मशीनं आणली. बोंब तशीच. महिपत म्हणाला, सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात तो डबा खराब. डबा बदलला, वायरी बदलल्या. बोंब तशीच. मग महिपतला साक्षात्कार झाला. "मशिनी तापतात वो," तो म्हणाला. "आपण चाय पिऊन येतो तवर निवतात, म्हणून परत चालतात." हे सगळ्यांना पटलं, कारण मे महिना होता आणि आमची डोकीही तापलेली होती. माझ्या घरचा टेबल फॅन आणून बरण्यांसमोर लावला. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

एरवी मी ह्या फॅनवरून सगळ्यांची यथेच्छ टिंगल केली असती. पण फुजैलकडे बघवत नव्हतं. डबा उघडायचा, तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तो हातातच ठेवून पडद्याकडे बघत बसायचा. त्याच्या बॅगेत पासपोर्ट होता. मुंबईच्या एजंटाने सांगितलं होतं, नाव ठरलं की त्याच दिवशी पाठवा, म्हणून सोबत घेऊन फिरत होता. मधूनच बॅगेची चेन उघडून आत हात घालायचा, चाचपायचा, पुन्हा बंद करायचा. मी एकदा ओरडले, "अरे, पळतोय काय तो?" तर म्हणाला, "पळाला तर बरा होईल, मावशी."

घरी उमैमा काही विचारत नव्हती. त्याचाच त्याला जास्त जाच होत होता. धाकटा भाऊ अद्नान मात्र सगळं थट्टेवारी न्यायचा. बीकॉमची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. म्हणजे दिवसभर टेनिस बॉलच्या मॅची खेळायचा आणि संध्याकाळी लायबाला खांद्यावर बसवून जेटीवर हिंडवायचा. "भाई, तू जा बिनधास्त. तुजी खोली मना," असं म्हणायचा आणि आईच्या हातचा धपाटा खायचा.

मलाही भीती वाटत होती. गाळा बंद झाला असता तर मी या वयात कुठे काम शोधणार होते? पण खरं सांगते, त्या दिवसांत मला माझ्यापेक्षा त्या मुलाचीच काळजी जास्त लागली होती. बूथच्या काचेबाहेर बसून मी इतकी वर्षं जे नुसतं बघितलं, ते तो काचेच्या आत उभा राहून जगला होता. त्याच्या मुलीने तसंच एका खोपटीत उभं राहून बापाला 'तुमी बरे हाव ना' विचारावं, हे माझ्याच्याने सोसवलं नसतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने वेदिका आली. बस कंपनीची माणूस, वयाने फुजैलएवढीच. बोलायला गोड, पण डोळा कडक. तिने सांगितलं, "मी संध्याकाळच्या गाडीने परत जातेय. त्याआधी एक चाचणी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचीय. अर्धा तास, मध्ये न तुटता." विनीतने हसून मान हलवली. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली मला दिसत होती.

चाचणी सुरू झाली. हिरवी रेघ चढली. वेदिका म्हणाली, "छान." आणि लाल ओळी सुटल्या. विनीत घाईघाईने हवामानाबद्दल बोलायला लागला. महिपतने उठून फॅन तीनवर केला.

"फॅन?" वेदिका म्हणाली. एवढंच म्हणाली. पण तेवढ्याने सगळ्यांची तोंडं उतरली. तिने घड्याळ बघितलं, मी मुकाट्याने चहा टाकायला गेले.

फुजैल जुम्म्याच्या नमाजला जाऊन आला. येताना रस्त्यात एजंटाचा फोन आला होता, पासपोर्टचं काय झालं म्हणून. चेहरा चुन्यासारखा पांढरा. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "परत चालू करतोय. या खेपेला लाल आला तरी बंद करू नका. आणि चायला कोणी जाणार नाय."

"बरण्या जळतील रे," महिपत म्हणाला.

"जळू देत."

चाचणी सुरू झाली. ठरल्या वेळी चाकरमानी बोंबलायला लागले. विनीतचा हात सवयीने बंद करायच्या बटणाकडे गेला, फुजैलने तो धरला. लाल ओळी धावत होत्या, आणि फुजैल पहिल्यांदाच त्या बोंबेच्या मधोमध उठून बरण्यांकडे गेला. एकेका बरणीच्या पडद्यावर वाकून बघत गेला. मग सरळ उभा राहिला.

"ह्या तर झोपल्यात," तो म्हणाला. "ह्यांना कामच नाय. कोणी विचारीतच नाय त्यांना काय."

म्हणजे प्रश्न बरण्यांपर्यंत पोचतच नव्हते. इतके दिवस आम्ही ज्यांना फॅन लावला, ज्यांच्या वायरी उपटल्या, ज्यांना नावं ठेवली, त्या बिचाऱ्या रिकाम्या बसल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. फुजैल वळला आणि समोरच्या भिंतीकडे गेला. चाकरमान्यांकडे आजवर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. ते प्रश्न विचारणारे, त्यांचा काय दोष असणार? त्यातल्या एकाला त्याने हुकूम दिला की तुझ्याकडच्या सगळ्या जोडण्या दाखव. यादी धावायला लागली. पानामागून पान, थांबेचना. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा: जोडणी तोडलेली आहे, पण अजून मोकळी नाही.

जोडणी लावायचा-तोडायचा प्रोग्रामचा तुकडा फुजैलनेच लिहिलेला होता. तो यादीवर वाकला. मग हळू म्हणाला, "ह्या माज्या हातचा हाय."

मी विचारलं, "काय तुझ्या हातचं? नीट सांग."

"मावशी, तुमचा बूथ आठवा," तो म्हणाला. "समजा एक फोन नाय, चार हजार फोन हायत. माणूस येतो, लावतो, विचारतो, ठेवतो. पण मशीनचा नियम काय, ठेवलेला फोन लगेच दुसऱ्याला द्यायचा नाय. थोडा वेळ तसाच राखून ठेवायचा. पलीकडचा एखादा शब्द वाटेत राहिला असेल तर? गर्दी कमी तवर कळत पण नाय. पण हजारो माणसं येऊन लावतात, ठेवतात, परत लावतात, परत ठेवतात. थोड्या वेळात सगळे फोन ठेवलेले, पण मोकळा एक पण नाय. नवीन माणूस उचलणार काय?"

"आणि चहाला गेलं की..."

"तवर राखलेले फोन मोकळे होतात. म्हणून चायनंतर चालायचा."

महिपतने उठून फॅन बंद केला.

विनीतने कपाळाला हात लावला. "पण फुजैल, असं लिहिलंस कशाला? थोड्या जोडण्या धरून ठेवायच्या आणि त्याच आळीपाळीने वापरायच्या, हे कोणीही करतं."

"माज्या डोक्यातच आला नाय, सर," फुजैल म्हणाला. "काम झाला की ठेवायचा. मना वाटला, तीच रीत."

विनीतच्या घरी त्याच्या आजोबांपासून फोन. त्याची आत्या दुपारी पाय पसरून पुण्याला तासभर बोलायची. त्याला हे कळणं कठीण होतं. मला मात्र त्या क्षणी सकिनाभाभी दिसली, लाल आकड्यांवर डोळे लावून एका श्वासात संसार सांगणारी. त्या मुलाने जन्मभर जे बघितलं तेच यंत्राला शिकवलं होतं. मी उगाच खडखडाट करत चहाचे कप गोळा करायला लागले.

फुजैल वेदिकेकडे गेला आणि तिला सरळ सांगितलं, चूक माझी आहे, बरण्यांमध्ये दोष नाही, आणि हाच तुकडा तुमच्या वेबसाइटमध्येही बसवलेला आहे.

"म्हणजे हे बुकिंगच्या दिवशी झालं असतं?" वेदिकेने विचारलं.

"पहिल्या दहा मिनिटांत."

ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "माझी गाडी सहाची आहे."

तो लिहायला बसला. मी दार लावून बाहेर स्टूल टाकून बसले आणि आत कुणाला जाऊ दिलं नाही. तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, तरी गेली. जनरेटर माझं खातं. दोरी ओढली, धक्‌ करून बंद. पुन्हा ओढली. मी त्या जनरेटरला ज्या शिव्या दिल्या त्या कागदावर लिहिता येणार नाहीत, पण त्याला त्या कळल्या असाव्यात. तिसऱ्या खेपेला लागला.

नवीन तुकडा बसवून चाचणी सुरू केली आणि हिरवी रेघ चढायच्या आधीच मेली. पहिल्याच क्षणाला लाल. विनीत खाली बसला. फुजैल टाइप करायचा, चुकायचा, खोडायचा, पुन्हा टाइप करायचा. त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन एकदा वाजून बंद झाला. कुवेतचा मिस्ड कॉल. तिकडे शुक्रवारची सुटी, बाप उत्तराची वाट बघत बसलेला. फुजैलने फोन टेबलावर पालथा घातला.

"सगळ्यांनी एकदम दार लोटला," तो पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणाला. जोडण्या धरून ठेवायच्या होत्या, पण त्या सगळ्या एकाच क्षणी उघडायला गेल्यामुळे बरण्यांच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली होती. मग त्याने त्या एकेक करून, गर्दी सोडायच्या आधीच उघडून ठेवल्या. पाच वाजत आले होते. वेदिकेने बॅग उचलून मांडीवर घेतली होती.

पुन्हा सुरू केली. रेघ चढली. जिथे नेहमी बोंब सुटायची ती जागा आली. जागा गेली. रेघ पुढे सरकली, सपाट, हिरवीगार. मला वाटलं, आता सुटेल, आता सुटेल. महिपत वायरींच्या जंजाळाशी हात जोडून उकिडवा बसला होता. विनीत तर भिंतीकडे तोंड करून उभा होता, बघायची हिंमतच नव्हती. बरण्यांचे पंखे घुं घुं करायला लागले, कारण आता त्यांना खरोखर काम मिळालं होतं. अर्धा तास मी आयुष्यात इतका लांब कधी बघितला नाही. पण तो संपला, आणि एकही लाल ओळ आली नाही.

वेदिका उठली. "काम तुमचंच," ती म्हणाली. "मी आजच कळवते." रिक्षा दाराशी उभी होतीच. विनीतने फुजैलला मिठी मारली, महिपतने मला मारायचा प्रयत्न केला आणि शिवी खाल्ली. मी रडत होते, लाज कसली? मुलगा राहिला होता.

फुजैलने मागच्या पडवीत जाऊन बापाला फोन लावला. मी दाराशीच होते. हमीदभाई फोनवर ओरडून बोलत, जुनी सवय, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू आलं.

"अब्बा, मी येत नाय. इकडं पक्का काम लागला."

"बरा झाला," हमीदभाई म्हणाले. "मग अद्नानचा पासपोर्ट पाठव. शेठला घरातलाच माणूस हवा." आणि ठेवला.

फुजैलने लगेच परत लावला. "अब्बा, त्याचा निकाल लागायचा हाय. तो अजून पोर हाय, अब्बा. शेठला सांगा ना दुसरा बघायला."

या वेळी पलीकडून ओरडणं नव्हतं, साधा म्हातारा आवाज आला, तो मला नीट ऐकू यायला दाराबाहेर पाऊल टाकावं लागलं. "फुजैल, माजा सगळा जन्म इकडं गेला. चालवत नाय आता. मना घरी येऊ दे, बाबा."

संध्याकाळी फुजैलने घरी सांगितलं की मीच जातो. अद्नानने ऐकलं नाही. "तुजी पोर हाय, बायको हाय," तो म्हणाला. "माजा कोण हाय? दोन-चार वर्षां काढून येईन." हसतच म्हणाला. एवढ्या मोठ्या गोष्टीला हो म्हणायला त्याला काहीच वेळ लागला नाही, हे मला नंतर सकिनाभाभीने सांगितलं.

मे संपायच्या आत तो निघाला. निकाल लागायचा होता तो राहिलाच. मी आंबावडीचा डबा घेऊन स्टेशनवर गेले होते. अद्नानने नवीन शर्ट घातला होता, कॉलरला टाचणी तशीच. लायबा त्याच्या खांद्यावर होती आणि गाडी आली तरी उतरायला तयार नव्हती. शेवटी त्याने तिला ओढून काढून फुजैलच्या हातात दिलं. "भाई, तुजी मशीन चालते ना आता नीट? मग झाला," असं म्हणून चढला. दारात उभा राहून हात हलवत होता, वळण येईपर्यंत.

सकिनाभाभी पदर तोंडाला लावून उभी होती. माझ्या तोंडाला कधी लगाम नसतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "रडू नका भाभी. हमीदभाई येतायत कायमचे. आणि मुलगा राहिला ना तुमचा जवळ."

"एक ऱ्हवला," ती रुळांकडे बघत म्हणाली. "मना दोन होते, विमलाताई."

फुजैल तिथेच होता, त्याने ते ऐकलं. लायबा त्याच्या कडेवर हातपाय झाडत होती, गाडी गेली त्या दिशेला अंग टाकून किंचाळत होती. तो तिला घट्ट धरत होता आणि ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती. तिला बाप नको होता. तिला चाचा हवा होता.